लष्करी बँडमधील वादक आणि त्याचे गाव

(शेवगाव येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सैनिक म्हटला की हातातील बंदूक आणि सीमेवरचा पहारा एवढेच चित्र सर्वसामान्यपणे डोळ्यांसमोर उभे राहते. ते चित्र खरे आहे. परंतु अपुरे आहे. सैन्याला स्वयंपाकी लागतो, गाडी चालविणारा लागतो, लेखनिक लागतो, जखमेवर पट्टी बांधणारा लागतो. तसाच वाद्य वाजविणाराही लागतो. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, बॅगपाइप किंवा ड्रम वाजविणे हेच ज्याचे रोजचे काम आहे, असा जवान वर्षातील कितीतरी दिवस एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर, एका छावणीतून दुसऱ्या छावणीत फिरत असतो. लोक त्याची धून ऐकतात, टाळ्या वाजवितात; त्याचे नाव मात्र कोणी विचारीत नाही. त्याच्या या फिरत्या आयुष्याची ओळख करून घेणे आणि सेवा संपवून तो घरी परततो तेव्हा त्याच्या विद्येचे काय होते याचा विचार करणे, हा आजच्या विषयाचा हेतू आहे.

शेवगाव तालुक्यात हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. गोदाकाठच्या मुंगीपासून बोधेगाव, लाडजळगावच्या कोरडवाहू पट्ट्यापर्यंत पसरलेल्या या तालुक्यात शेती बऱ्याच अंशी पावसाच्या भरवशावर चालते आणि कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी दरवर्षी घर सोडतात. अशा भागातील तरुणाला सैन्याची नोकरी हा सन्मानाने जगण्याचा एक मार्ग वाटतो. शिवाय आपला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, जिल्हा हा छावणीचा जिल्हा आहे. रणगाडा दलाचे केंद्र व शाळा १९४८ पासून नगर येथे आहे. १९७९ मध्ये उभ्या राहिलेल्या मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंटचे केंद्रही तेथेच आहे. छावणीतील संचलनाच्या बँडचा आवाज नगरकरांच्या कानांना परिचित आहे. त्या आवाजामागील माणूस मात्र परिचित नाही.

नगाऱ्यापासून बिगुलापर्यंत

रणवाद्य हे मुळात करमणुकीचे साधन नव्हते. ती आज्ञा पोहोचविण्याची व्यवस्था होती. मराठ्यांच्या फौजेत नगारा, कर्णा आणि शिंग यांना हेच काम होते. नगारा झडला की मुक्काम हलावयाचा, हे प्रत्येक स्वाराला ठाऊक असे. इंग्रजांच्या पलटणी आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर ड्रम आणि बिगुल आले. तंजावरचे मराठे राजे सरफोजी दुसरे यांनी तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभकाळात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड आपल्या दरबारात उभा केला होता. नवे वाद्य आणि जुने राग यांची गाठ मराठी माणसाच्या आश्रयाने पडली, हे या ठिकाणी लक्षात घेण्यासारखे आहे.

आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा उगम १७६८ मध्ये उभारलेल्या बॉम्बे सिपॉइज या पलटणीत आहे. तिचे केंद्र बेळगाव येथे असून तिच्या मानचिन्हात बिगुल कोरलेला आहे. हा बिगुल शोभेसाठी आलेला नाही. लाइट इन्फन्ट्रीचे सैनिक दाट रांगेत न लढता विखरून लढत असत. इतक्या अंतरावर अधिकाऱ्याचा आवाज पोहोचत नसे; बिगुलाचा पोहोचत असे. पुढे सरका, थांबा, एकत्र या, मागे या, अशा प्रत्येक आज्ञेची स्वतंत्र धून ठरलेली असे. बिगुलाला पडदे नसतात, कळा नसतात. ओठांचा ताण आणि श्वासाचा जोर यांच्या बळावर त्यातून जे मोजके पाचसहा स्वर निघतात, त्यांतूनच या सर्व आज्ञा रचलेल्या आहेत.

ड्रमचे काम निराळे होते. तो पावलांचे माप राखतो. तेज चालीत मिनिटाला एकशेवीस पावले पडतात. एक पाऊल सुमारे पाऊण मीटरचे धरले तर मिनिटाला नव्वद मीटर आणि तासाला साधारण साडेपाच किलोमीटर अंतर कापले जाते. हजार माणसे एकाच वेळी, एकाच मापाने चालवावयाची असतील तर हे माप कानाने देणारा कोणीतरी लागतो. थकलेल्या पायांना ताल मिळाला की ते आणखी काही कोस चालतात, हा अनुभव आपल्या वारकऱ्यांना सांगावयास नको. पैठणला नाथषष्ठीसाठी जाणारी दिंडी मृदंग आणि टाळ यांच्या आधारानेच वाट तोडीत असते.

विद्या कशी मिळते

बँडमधील वादक हा प्रथम सैनिक असतो. इतर जवानांप्रमाणे तोही कवायत, बंदूक आणि शारीरिक परीक्षा यांतून पार पडतो. युद्धप्रसंगी वाद्ये पेटीत जातात आणि वादकाच्या हातात स्ट्रेचर येते. जखमी सैनिकाला उचलून मागे आणणे, त्याला प्रथमोपचार देणे ही बँडच्या जवानांची परंपरेने चालत आलेली जबाबदारी आहे. ज्या खांद्यावर संचलनात मोठा ड्रम असतो, त्याच खांद्यावर रणांगणात सोबत्याचा भार येतो.

सैनिक झाल्यावर त्याचे दुसरे शिक्षण सुरू होते. मध्य प्रदेशातील पचमढी येथे ऑक्टोबर १९५० मध्ये जनरल करिअप्पा यांच्या प्रोत्साहनाने लष्करी संगीताची शाळा सुरू झाली. सैन्याचे वादक आणि बँडमास्टर तेथे तयार होतात. नौदलाच्या वादकांचे शिक्षण मुंबईत आयएनएस कुंजाली येथे होते. या शिक्षणाचा गाभा म्हणजे स्वरलिपी. गावात ज्याने सनई किंवा हलगी शिकली तो ऐकून शिकलेला असतो. त्याची विद्या कमी प्रतीची नसते; किंबहुना लयीच्या जाणिवेत तो पुष्कळांना मागे टाकतो. परंतु त्याला कागदावरचे स्वर वाचता येत नाहीत. लष्करी बँडमध्ये हे वाचन आल्यावाचून चालत नाही. परदेशचे राष्ट्रप्रमुख भारतात येतात तेव्हा त्यांच्या देशाचे राष्ट्रगीत वाजवावे लागते. जे गीत वादकाने आधी कधी ऐकलेले नसते, ते कागदावरून वाचून अचूक वाजवावयाचे असते. तेथे एक स्वर चुकला तरी तो एका राष्ट्राचा अवमान ठरू शकतो.

स्वातंत्र्यानंतर या बँडच्या धुनाही हळूहळू बदलल्या. 'सारे जहाँ से अच्छा' या गीताची आज सर्वत्र ऐकू येणारी संचलनधून प्राध्यापक ए. लोबो यांच्या नावावर आहे. प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता २९ जानेवारीस दिल्लीच्या विजय चौकात 'बीटिंग रिट्रीट'ने होते. त्या कार्यक्रमात वर्षानुवर्षे वाजणारी 'अबाइड विथ मी' ही इंग्रजी प्रार्थनेची धून २०२२ मध्ये वगळण्यात आली आणि तिच्या जागी 'ऐ मेरे वतन के लोगों' या गीताची धून आली. हे गीत जानेवारी १९६३ मध्ये दिल्लीत प्रथम गायिले गेले. कवी प्रदीप यांच्या शब्दांना चाल देणारे सी. रामचंद्र यांचा जन्म १९१८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. विजय चौकात एकत्र जमलेले बँड ती धून वाजवितात तेव्हा नगर जिल्ह्याच्या मातीतील एक स्वररचना राजधानीत घुमत असते.

मुक्कामामागून मुक्काम

बँडचा दौरा बाहेरून डौलदार दिसतो. आत तो अतिशय कष्टाचा असतो. दिल्लीच्या संचलनासाठी निरनिराळ्या केंद्रांचे बँड कित्येक आठवडे आधी तेथे दाखल होतात. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात, सूर्य उगवण्याच्या आत, सराव सुरू होतो. थंडीत पितळी वाद्य हाती धरवत नाही. हवा गार झाली की तिच्यातून ध्वनी संथपणे जातो आणि फुंकवाद्याचा स्वर उतरतो. म्हणून वादक आधी वाद्यात बराच वेळ नुसता श्वास सोडून ते ऊबदार करून घेतो. क्लॅरिनेटच्या लाकडाला एकदम गरम-गार सोसत नाही; ते तडकते. दमट हवेत ड्रमचे कातडे सैल पडते, तर कोरड्या उन्हात ताणले जाते. उंच डोंगरावरील छावणीत धातूचे मुखपत्र ओठांना चिकटते आणि श्वासही अपुरा पडतो. बँडच्या वादकाला हवामान असे दररोज आपल्या वाद्यावर मोजावे लागते.

संचलनातील एक अडचण तर साध्या गणिताची आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे तीनशेचाळीस मीटर जातो. शंभर मीटर मागे असलेल्या वादकाला पुढील ड्रमचा ठोका सुमारे तीन दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. तेज चालीत एका पावलाला अर्धा सेकंद लागतो. म्हणजे मागच्याने केवळ कानावर भिस्त ठेवली तर तो अर्ध्याहून अधिक पावलाने मागे पडेल. म्हणून वादकाची नजर संचालकाच्या हातावर किंवा ड्रम मेजरच्या दंडावर खिळलेली असते. ऐकू येते एक आणि वाजवावयाचे असते दुसरे, अशा स्थितीत ताल राखण्याची शिस्त वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगी येते.

या दौऱ्यांत मानाचे प्रसंगही येतात. १४ जुलै २००९ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाच्या संचलनात भारताच्या तिन्ही दलांची तुकडी सहभागी झाली, तेव्हा तिच्या अग्रभागी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते आणि भारतीय धुनांवर त्यांची पावले पडत होती. १४ जुलै २०२३ रोजी भारतीय तुकडी पुन्हा तेथे गेली, तेव्हा राजपुताना रायफल्सचा बँड तिच्याबरोबर होता. नौदलाचे वादक युद्धनौकांबरोबर परदेशच्या बंदरांत जातात आणि तेथील नागरिकांसमोर वादन करतात. पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दीक्षान्त संचलनाच्या वेळी छात्र अखेरचे पाऊल टाकून बाहेर पडतात, तेही बँडच्या तालावरच.

त्याचबरोबर वाट्याला न आलेल्या टाळ्याही असतात. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमध्ये भीषण भूकंप झाला आणि त्या वर्षीचा 'बीटिंग रिट्रीट' रद्द करण्यात आला. माजी राष्ट्रपती आर. व्यंकटरमण यांचे निधन झाल्यामुळे २००९ मध्येही तो झाला नाही. दोन्ही निर्णय योग्यच होते. परंतु आठवडेच्या आठवडे थंडीत सराव केलेल्या वादकांनी वाद्ये पुसून पेटीत ठेवली आणि ते आपापल्या छावणीकडे परतले. न वाजविता परत जाणे हेही त्यांच्या कर्तव्याचाच भाग होते.

घरच्यांच्या दृष्टीने या आयुष्याची एक वेगळी बाजू आहे. इतरांचा सण हा बँडमधील जवानाचा कामाचा दिवस असतो. पंधरा ऑगस्ट, विजय दिवस, सव्वीस जानेवारी, पलटणीचा स्थापनादिन, या सर्व दिवशी तो मैदानावर असतो. शेवगावला रेल्वे नाही. रजा मिळाली तरी नगरपर्यंत गाडी आणि तेथून एसटी असा प्रवास करून तो घरी पोहोचतो. त्याच्या गैरहजेरीत शेतीचा व्यवहार, मुलांच्या शाळा आणि वडीलधाऱ्यांची आजारपणे त्याची पत्नी सांभाळीत असते. बँडच्या तालाला जो स्थिरपणा असतो, त्याचा काही भाग तिच्या कष्टांतून आलेला असतो.

गावात वाजणारा बिगुल

आपल्या खेड्यांनी लष्करी वाद्य प्रत्यक्ष ऐकलेले असते ते बहुधा एकाच प्रसंगी. वीरमरण आलेल्या जवानाचे पार्थिव गावी आणले जाते. शाळेच्या पटांगणात किंवा गावाबाहेरच्या माळावर पंचक्रोशीतील माणसे जमतात. जवळच्या छावणीतून आलेली तुकडी मानवंदना देते, बंदुकीच्या फैरी झडतात आणि बिगुलवादक 'लास्ट पोस्ट' वाजवितो. पुष्कळांना ती केवळ शोकाची धून वाटते. मूळात छावणीतील दिवसाचे काम संपले, शेवटच्या पहाऱ्याची तपासणी झाली, आता विश्रांती घ्यावी, अशी ती सूचना होय. त्यानंतर शांतता पाळली जाते आणि मग 'राऊझ' ही सकाळी जागे करणारी धून वाजते. दिवस संपल्याची आणि पुन्हा उजाडल्याची अशा दोन आज्ञा त्या निरोपात एकापाठोपाठ दिल्या जातात.

त्या क्षणी बिगुलवादकाची स्थिती काय असते, याचा विचार क्वचितच होतो. समोर जवानाची आई असते, लहान मुले असतात. गेलेला जवान कित्येकदा वादकाच्याच वयाचा असतो. रडणाऱ्या माणसाला बिगुल वाजविता येत नाही, कारण गळा दाटला की श्वास तुटतो आणि ओठ कापले की स्वर फुटतो. म्हणून साऱ्या गावाचे डोळे भरून आले असताना त्याला आपले डोळे कोरडे ठेवावे लागतात. धून संपते, तुकडी गाडीत बसते आणि दुसऱ्या गावी, दुसऱ्या कर्तव्यावर निघून जाते. बँडच्या वादकाचे फिरते आयुष्य कशासाठी असते याचे उत्तर दिल्लीच्या मैदानापेक्षा अशा माळरानावर अधिक स्पष्टपणे मिळते. ज्या प्रसंगी इतरांचा तोल सुटणे स्वाभाविक आहे, त्या प्रसंगी माप राखणारा कोणीतरी असावा लागतो.

वाजविणाऱ्या हातांचा मान

येथे एका सामाजिक सत्याचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. आपल्या गावगाड्यात वाद्यावाचून एकही शुभकार्य पार पडत नसे. लग्न असो, देवाची पालखी असो, बैलपोळा असो, हलगी, सनई, संबळ यांच्यावाचून शोभा नसे. परंतु ही वाद्ये वाजविणाऱ्यांना मात्र पंगतीत शेवटची जागा मिळे, आणि कित्येक ठिकाणी तीही मिळत नसे. सूर सर्वांना हवा होता; सूर काढणारा माणूस उंबरठ्याबाहेर होता. पिढ्यान्पिढ्या चाललेला हा अन्याय होता.

लष्करी बँडने या अन्यायाला एक उत्तर दिले आहे. तेथे वादकाला गणवेश असतो, हुद्दा असतो, पगार आणि निवृत्तिवेतन असते. त्याची जात वाद्यावरून ठरत नाही आणि वाद्य जातीवरून ठरत नाही. कोणत्याही घरचा मुलगा ट्रम्पेट शिकतो आणि कोणत्याही घरचा मुलगा ड्रम उचलतो. राष्ट्रपतींसमोर तो ताठ मानेने उभा राहतो. वाद्य वाजविणे हे हलके काम नसून अभ्यासाचे आणि जोखमीचे काम आहे, ही गोष्ट सैन्याने व्यवहारात मान्य केली. आपल्या गावांनीही ती मनापासून मान्य करण्याची गरज आहे.

परत आलेली विद्या

जवान सेवेतून निवृत्त होतो तेव्हा त्याचे वय फारसे झालेले नसते. पंधरा-सतरा वर्षांची सेवा करून परत येणारा वादक चाळिशीच्या आतबाहेर असतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेखाली भरती झालेल्यांपैकी बरेच तरुण चार वर्षांनीच घरी परततील. गावी परतलेला बँडचा जवान शेती पाहतो, एखादी पहारेकऱ्याची नोकरी धरतो आणि त्याचे वाद्य कायमचे सुटते. तालुक्यातील एखाद्याला स्वरलिपी वाचता येते, वीस-पंचवीस मुलांना एका तालात आणता येते, वाद्याची निगा आणि दुरुस्ती येते, हे कोणाच्या गावीही नसते.

दुसऱ्या बाजूला आपल्या शाळांकडे पाहावे. ध्वजवंदनाच्या दिवशी ध्वनिवर्धकावर राष्ट्रगीत लावले जाते. काही शाळांत ड्रम आहेत. पण ते शिकविणारे कोणी नाही, म्हणून ते कपाटावर धूळ खात पडतात. एकीकडे शिकविणारा आहे, त्याला शाळा नाही. दुसरीकडे वाद्य आहे, त्याला शिक्षक नाही. ही गाठ घालून देण्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या साहाय्याने तालुक्यातील माजी बँड जवानांचा शोध घेता येईल. ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समिती यांनी एकत्र बसून आठवड्यातील दोन संध्याकाळी त्यांच्याकडे सोपविता येतील. आरंभ खर्चिक पितळी वाद्यांनी करू नये. दोन बिगुल, चार साइड ड्रम, एक मोठा ड्रम आणि झांजांची एक जोडी एवढ्यावर संचलनाचा ताल उभा राहतो. जवळपासच्या दोन-तीन शाळांनी मिळून एकच संच घेतला तरी चालेल. शिकविणाऱ्या जवानाला योग्य मानधन मिळाले पाहिजे, हे मात्र विसरून चालणार नाही. वाजविणाऱ्याकडून काम फुकट करून घेण्याची जुनी सवय या निमित्ताने मोडावी.

अशा पथकातील मुलांना पुढे वाटाही आहेत. संरक्षण आणि शिक्षण मंत्रालयांनी शालेय बँडची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली असून २०२५ च्या जानेवारीत तिची अंतिम फेरी दिल्लीत झाली. तीत मुलांच्या आणि मुलींच्या संघांसाठी स्वतंत्र गट होते. हवाई दलाने २०२४ मध्ये अग्निवीरवायू वादकांची भरती केली, तेव्हा तरुणांबरोबर तरुणींनाही अर्ज करता आला. अशा भरतीत वाद्य प्रत्यक्ष वाजवून दाखवावे लागते. ज्या मुलाने किंवा मुलीने वाद्य कधी हातातच घेतले नाही, त्यांना ही दारे बंदच राहतात. ती उघडण्याचे काम शाळेच्या पटांगणावरून सुरू होऊ शकते.

बंधुभगिनींनो, बँडमध्ये चाळीस वादक असले तरी ऐकणाऱ्याला एकच आवाज ऐकू येतो, आणि एक वादक चुकला तर मात्र सर्वांना कळते. ग्रामपंचायतीचा, शाळेचा आणि शासकीय कार्यालयाचा कारभारही पुष्कळसा याच रीतीने चालतो. आपापला स्वर अचूक लावणे आणि नजर समोर ठेवणे, ही शिस्त ज्यांनी आयुष्यभर पाळली त्यांच्या अनुभवाचा लाभ या तालुक्याने घ्यावा. येत्या प्रजासत्ताक दिनी तालुक्यातील निदान एका शाळेच्या ध्वजाखाली राष्ट्रगीताचे बावन्न सेकंद मुलांनी स्वतः वाजवावेत आणि त्यांच्या शेजारी त्यांना शिकविणारा माजी जवान उभा असावा, एवढा संकल्प आज झाला तर या व्याख्यानाचे सार्थक होईल.